पुंज म्हणजे ढीग की पुंजका?

यवतमाळकडच्या आमच्या गावातून भाच्यानं विचारलंय. तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. "मामा, पुंज म्हंजे ढीग ना? अन् क्वांटम त लहानात लहान हाय म्हन्तेत. मंग त्याले पुंज काऊन म्हन्लं?"

अडखळलास ते बरोबर जागी अडखळलास. संस्कृतात पुंज म्हणजे रासच. तारकापुंज म्हटलं की पुष्कळ तारे, तेजःपुंज म्हटलं की तेजाची रास. असा शब्द घेऊन 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्सचं मराठी नाव) बनवली, तर ऐकणाऱ्याला ढीगच दिसणार.

पण त्याच घरातला दुसरा शब्द तुझ्या रोजच्या तोंडी आहे: पुंजका. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीला चिकटून राहतो, बंडीतून उडून बाभळीच्या काट्यांत अडकतो, तो कापसाचा पुंजका. वेगळा दिसणारा, एक, दोन, तीन असा मोजता येणारा. मी पुंजयामिकीतला 'पुंज' असाच ऐकतो. म्हणजे ऊर्जा सलग धारेनं नाही, पुंजक्या-पुंजक्यानं देता-घेता येते.

हे सुचलं कशावरून? लोहाराच्या भट्टीत वखराची पास पाहिली असशील. आधी काळपट लाल, मग नारिंगी, पिवळी, तापतच गेली तर पांढरट. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती निघावा, याचा हिशेब ऊर्जा सलग धरून मोजमापाशी जुळेना. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकनं ती ठरावीक तुकड्यांत मोजली, आणि जुळला. त्या तुकड्याला तो 'ऊर्जाघटक' म्हणाला होता. 'क्वांटम' हे नाव प्रकाशाच्या तुकड्यांना आइनस्टाइननं १९०५ साली लावलं. मुळात तो लॅटिनमधला साधा प्रश्नार्थक शब्द, अर्थ 'किती?'. (आपल्याकडे 'केवढंक' म्हणतो तसा. 'केवढंकयामिकी' म्हटलं असतं तर तू निदान झोपला नसतास.)

आता पुंजक्याची उपमा कुठे फाटते तेही पाहा. कापसाचा पुंजका चिमटीनं अर्धा करता येतो. लाल प्रकाशाचा पुंज अर्धा करून लाल प्रकाशच उरेल, असं होत नाही. शिवाय पायलीसारखं सगळ्यांना एक माप नाही. रंगागणिक माप वेगळं: वारंवारतेला (प्रकाशाची लाट सेकंदाला किती वेळा हेलकावते, त्याला) प्लांकच्या स्थिरांकानं, म्हणजे एका ठरलेल्या इवल्याशा आकड्यानं, गुणलं की एका पुंजाची ऊर्जा. निळ्याचा पुंज लालच्या सुमारे दीडपट भरतो. म्हणून लाल दिवा कितीही भडक केला तरी जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि मंद अतिनील किरणांनी सुटतो. लालचे पुंज पुष्कळ, पण एकेकट्यात तेवढा दम नाही. आइनस्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः या उलगड्यासाठी, सापेक्षतेसाठी नव्हे.

मग हे पुंजके डोळ्यांना का दिसत नाहीत? एक वॅट लाल प्रकाशात सेकंदाला ३ वर १८ शून्यं इतके पुंज निघतात. एवढ्या गर्दीत धारच दिसणार.

हिंदीत 'प्रमात्रा' म्हणतात. अर्थानं तो शब्द लॅटिनच्या जवळचा, पण त्यात मात्रा दिसते, तुकडा दिसत नाही. मला पुंजच आवडतो, फक्त शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी 'पुंजका' म्हणून टाकावं. बोलताना तू खुशाल क्वांटम म्हण.

लिहिताना 'पुंजयामिकी' हा सामासिक शब्द आहे, तो जोडूनच लिही. आणि 'क्वांटा' हे अनेकवचन मराठीत आणायची गरज नाही. 'दोन क्वांटम' चालतं, जसं आपण 'दोन पुंज' म्हणतो.