तगरचे ‘तेर’ कसे झाले?

प्रश्न असा होता: ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत येणारे ‘तगर’ म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे सांगतात. मधला ‘ग’ कुठे गेला? हे ओढूनताणून जुळवलेले नाही का?

नाही. संगमनेर, पारनेर, अंमळनेर, जामनेर ही नावे घ्या. त्यांतला ‘नेर’ म्हणजे ‘नगर’. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेले क, ग, च, ज, त, द बहुधा गळतात आणि त्या खिंडारात ‘य’ येऊन बसतो: नगर > नयर > नेर, तसेच तगर > तयर > तेर. जुन्या मराठीत सागराचा ‘सायर’ होतो तोही असाच. (अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यातला ‘नगर’ शाबूत राहिला, कारण ते नाव पंधराव्या शतकाच्या अखेरचे. तोवर ही झीज थांबली होती आणि ‘नगर’ हा शब्द संस्कृतातून पुन्हा आयता उचललेला होता.)

पण नुसत्या ध्वनिनियमावर गाव ठरत नाही. तगरसाठी देवगिरी, जुन्नर, धारूर, कोल्हापूर असे बरेच उमेदवार होऊन गेले. कोल्हापूरकडे लक्ष जाण्याचे कारण तिथे राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचे ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी) हे बिरुद. ते कुळाचे मूळ गाव सांगते, राजधानी नव्हे. उत्तर कोकणातले शिलाहारही स्वतःला तगरचेच म्हणवत.

पेरिप्लस म्हणते, भडोचहून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. नकाशावर पट्टी ठेवा. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे 350 किमी, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे 150, म्हणजे दिवसाला पंधरा. बैलांच्या तांड्याला दोन्ही चाली शोभतात. दिशा मात्र नेमकी पूर्व नाही, आग्नेय आहे. व्यापाऱ्याच्या टिपणात एवढी सूट द्यावी लागते. देवगिरी पैठणच्या उत्तरेला जेमतेम 50 किमी, जुन्नर तर पश्चिमेला, म्हणून दोन्ही बाद. धारूरची दिशा बसते, पण शब्दारंभीच्या ‘त’चा ‘ध’ होण्याला काही आधार नाही. उरते तेर. कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच मांडले, आणि पुढे तिथल्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) सातवाहन नाणी व हस्तिदंती मूर्ती निघाल्या.

असे जुळवताना नेहमी जुन्याकडून नव्याकडे यावे. ‘तेर’वरून उलटे निघालात तर तगर, तदर, तकर काहीही बनवता येते, स्थलमाहात्म्यांतल्या बऱ्याच व्युत्पत्ती अशाच जन्मलेल्या. दुसरे म्हणजे मधले रूप शोधावे. शूर्पारक आणि सोपारा यांच्यामध्ये नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या) लेखात ‘शोर्पारग’ भेटते: ‘क’चा ‘ग’ झालेला दिसतो, पुढे तोही गळाला. शिवाय 1882 मध्ये सोपाऱ्यालाच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. वत्सगुल्म > वाशिम ही उडी अशक्य वाटते, पण मध्ये ‘वच्छोम’ ठेवले की पायऱ्या दिसू लागतात. कऱ्हाड त्या मानाने सोपे: करहाटकचा शेवटचा ‘क’ गेला आणि वट > वड व्हावा तसा ‘ट’चा ‘ड’ झाला.

सर्वांत फसवी ती न बदललेली नावे. चालुक्यांच्या लेखात ‘कल्याण’ दिसले की लोक ठाण्याशेजारचे कल्याण धरतात. ती राजधानी म्हणजे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पेरिप्लसमधले ‘कल्लिएना’ बंदर मात्र ठाण्याशेजारचेच.