‘खंडित उपवास’ नको, लंघन म्हणा

प्रश्न : ‘इंटरमिटंट फास्टिंग’ला, म्हणजे ठरावीक तास उपाशी राहण्याच्या पद्धतीला, ‘खंडित उपवास’ म्हणता येईल का? ‘त्याने चयापचन सुधारते व दमसास वाढतो’ हे वाक्य बरोबर आहे का?

आधी ते ‘चयापचन’ खोडा, ‘चयापचय’ लिहा. असा शब्दच नाही, तरी जिमच्या फलकांपासून आहाराच्या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे तोच कानावर आदळतो. चय म्हणजे साठणे, अपचय म्हणजे घटणे. दोन्ही ‘चि’ धातूचे. ‘पच्’ धातूचा इथे संबंध नाही. चुकीच्या शब्दाने अर्थही फिरतो. सोळा तास पोट रिकामे असले की पचवायला काही उरत नाही. यकृतातले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, उतरत जाते आणि शरीर चरबीकडे वळते. हा सगळा अपचय. त्याला पचन कसे म्हणायचे?

‘खंडित उपवास’ही नको. उपवास खंडित झाला म्हणजे मोडला, एकादशीला चुकून फुटाणे तोंडात टाकले, असाच अर्थ कुणीही घेईल. शिवाय ‘उप-वास म्हणजे देवाजवळ राहणे’ असे जे सगळे सांगत सुटतात त्यांनी शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधींचा वैदिक ग्रंथ उघडून पाहावा. तिथे उलटे आहे. यज्ञाच्या आदल्या दिवशी देवच यजमानाच्या घरी वस्तीला येतात, आणि पाहुण्यांच्या आधी जेवणे बरे नव्हे, म्हणून यजमान उपाशी राहतो. मूळचा हा पाहुणचाराचा शब्द. वजन घटवायला त्याला जुंपू नका.

आपल्याकडे नेमका शब्द आहे : लंघन. ताप आला की आजी सांगायची तेच. कोशांत त्याचे ‘ओलांडणे’ आणि ‘उपाशी राहणे’ असे दोन अर्थ सुटे सुटे मांडतात, जणू एकाला दुसऱ्याची ओळखच नाही. मला हे अजिबात पटत नाही. सीमोल्लंघनात आपण शीव ओलांडतो, लंघनात जेवणाची वेळ ओलांडतो, क्रिया एकच. सोळा-आठच्या (सोळा तास उपाशी, आठ तासांत जेवण) वेळापत्रकात लोक न्याहारी ओलांडून थेट दुपारी जेवतात, त्याचे याहून चोख वर्णन कोणते? धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, तर ‘रघ्’ आणि ‘लघ्’ शेजारी बसलेत, अर्थ गती, आणि पुढे ‘लघि भोजननिवृत्तावपि’, म्हणजे जेवण थांबवणे हाही अर्थ. वेदांतला ‘रघु’ म्हणजे वेगवान, हलका. त्याचाच ‘लघु’ झाला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तला राजा दिलीपही मुलाचे नाव रघु ठेवतो ते धातूचा गमनार्थ पाहून. हलका तो वेगाने जातो, वेगाने जातो तो ओलांडतो. किती सुंदर साखळी आहे ही!

आणि आयुर्वेदाच्या चरकाने ती शरीरापर्यंत नेली. आपल्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या 22 व्या अध्यायात तो म्हणतो, देहाला लाघव (हलकेपणा) आणणारे जे काही ते लंघन. त्याचे दहा प्रकार सांगितले, त्यांत उपवास आहे आणि व्यायामही आहे. म्हणून ‘लंघन म्हणजे फक्त उपाशी राहणे’ असे ठणकावणारे वैद्यही अर्धेच सांगतात.

दमसास राहिला. ‘वाढतो’ असे सरसकट लिहू नका. उपाशीपोटी धावताना चरबी जास्त जळते खरी, पण वेग वाढवला की स्नायूंना ग्लायकोजेनच लागते. अति लंघनाची लक्षणे सांगताना चरक शेवटी ‘देहाग्निबलनाश’ म्हणतो. अग्नी (चयापचय) आणि बळ (दमसास), तुमच्या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी त्या एका समासात आहेत.