वाचकांचे प्रश्न : गाडी स्वतः ब्रेक लावते, मग चालकाने काय करायचे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गेली एकतीस वर्षे स्वतः गाडी चालवतो. मुलीने यंदा घेतलेल्या गाडीत ठरवलेला वेग धरून पुढच्या वाहनापासून अंतर राखणे (क्रूझ), लेन सांभाळणे, आपोआप ब्रेक लावणे अशा सोयी आहेत. पारोळ्याहून धुळ्याला जाताना मुकटीच्या अलीकडे कापसाने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी होती. क्रूझ चालू असूनही गाडीचा वेग कमी होईना, शेवटी मीच ब्रेक दाबला. याउलट धुळे शहरात एक मोटारसायकल आडवी येताच गाडीने असा ब्रेक लावला, की मागची रिक्षा आदळता आदळता राहिली. महामार्गावर स्टीअरिंगही मधूनच हाताला ओढ देते. म्हणून मी सगळ्या सोयी बंद करून टाकल्या आहेत. मुलगी म्हणते, गाडीला तुमच्यापेक्षा चांगले दिसते. बरोबर कोण?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ट्रॉलीचा प्रसंग आधी घेऊ, कारण खान्देशात कापसाच्या हंगामात तो कोणावरही येऊ शकतो. अशा गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार आणि समोरच्या काचेमागे आरशाजवळ कॅमेरा असतो. रडारला वेगातला फरक उत्तम कळतो, म्हणून समोर धावणारा ट्रक हळू झाला की क्रूझही गाडी हळू करते. परंतु रस्त्यालगत दुभाजक, दिशाफलक, पुलाचे कठडे अशा स्थिर वस्तू असंख्य असतात. त्यांतल्या प्रत्येकीला अडथळा मानले तर गाडी सारखी विनाकारण थांबेल, म्हणून अनेक प्रणालींत जास्त वेगात असताना आधीपासूनच स्थिर असलेल्या वस्तूकडून येणाऱ्या संकेताला कमी महत्त्व दिलेले असते आणि ते वाहनच आहे याची खात्री कॅमेऱ्याकडून करून घेतली जाते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला. अशा ढिगाला कॅमेऱ्याने अंधारात वाहन म्हणून ओळखावे, ही अपेक्षा जास्त झाली. उभ्या वाहनासाठी क्रूझवर विसंबू नये, असे अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुधा कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही, ही गोष्ट वेगळी.

येथे उपयोगी पडतो तो वेगाचा साधा हिशेब. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. दिसणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यांत, समोरचे नीट दिसते ते साधारण ५० ते ६० मीटर. ताशी ६० चा वेग ठेवला तर हेच एकूण अंतर सुमारे ४५ मीटरवर येते. आपण त्या रात्री वेळेत थांबू शकलात, त्याचे श्रेय क्रूझवर न सोडलेल्या नजरेला जाते. चैत्र पौर्णिमेच्या आधी सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या पदयात्रींचे जथे रात्री महामार्गाच्या कडेने चालत असतात, तेव्हाही हाच हिशेब लावावा, कारण पादचारी ओळखणारी यंत्रणा अंधारात दिवसाइतकी भरवशाची नसते.

मोटारसायकलीच्या प्रसंगात मात्र गाडीचे चुकले नाही. मागची रिक्षा फार जवळून चालली होती, आणि तिच्यासाठी आपण समोरच्या स्वाराला धडक द्यायची असे तर आपणही म्हणणार नाही. आपोआप ब्रेक ही सोय कधीही बंद करू नये. दिवसभर जागेवर असलेली नजर एखाद्या क्षणी आरशाकडे किंवा मागच्या सीटवरच्या नातवाकडे वळते, आणि ही सोय त्याच क्षणासाठी बसवलेली आहे.

स्टीअरिंगच्या ओढीबद्दल थोडे परखडपणे विचारतो : लेन बदलताना आपण इंडिकेटर देता का? इंडिकेटर दिला की ही यंत्रणा सहसा हरकत घेत नाही. न देता पट्टा ओलांडला, तर गाडी भरकटते आहे असे समजून ती तिला परत ओढते. एकतीस वर्षांच्या अनुभवात शिरलेली ही एक सवय गाडीने पकडली असावी. जेथे पट्टे पुसलेले आहेत अशा दुपदरी रस्त्यांवर लेनची सोय खुशाल बंद ठेवावी. लळिंग किंवा कन्नडच्या घाटात क्रूझही बंद करावे, कारण वळणावर पुढचे वाहन रडारच्या टप्प्याबाहेर गेले की रस्ता मोकळा झाला असे समजून गाडी वेग वाढवू शकते. उतारावर खालचा गिअरच बरा.

मुलीलाही एक गोष्ट सांगावी. वाहनांच्या स्वयंचलनाचे शून्य (सगळे चालकाच्या हाती) ते पाच (सगळे गाडीच्या हाती) असे स्तर मानले जातात. आपल्याकडच्या या सोयी फार तर दुसऱ्या स्तराच्या आहेत, आणि त्या स्तरावर रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम सर्वस्वी चालकाचेच असते. शिवाय सोयीवर भरवसा वाढला की चालक बेफिकीर होऊ शकतो. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात चाके लॉक होऊ न देणारे ब्रेक, म्हणजे एबीएस, काही टॅक्सींना बसवून इतर टॅक्सींशी तुलना करण्यात आली. तेव्हा एबीएसच्या टॅक्सींचे अपघात अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत, कारण त्यांचे चालक अधिक धसमुसळेपणे गाडी हाकू लागले होते. क्रूझचे अंतर सर्वांत लांबचे निवडावे. मध्ये गाड्या घुसतात अशी तक्रार मग होईल. त्यांना घुसू द्यावे, धुळ्याला पोहोचेपर्यंत त्यात फार तर दोन-तीन मिनिटे जातात.

प्रश्न : दगड उडून तडकलेली समोरची काच मी गावातच बदलून घेतली. तेव्हापासून पडद्यावर सतत इशारा दिसतो. दुर्लक्ष केले तर चालेल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : चालणार नाही. कॅमेरा काचेला लागून बसवलेला असल्याने काच बदलल्यावर त्याचा कोन पुन्हा जुळवावा लागतो. तो किंचित चुकला तरी दूरचे वाहन शेजारच्या लेनमध्ये असल्यासारखे भासू शकते. हे काम उपकरणे असलेल्या सेवाकेंद्रातच होते. तोपर्यंत या सोयी नाहीतच असे समजून गाडी चालवावी. जाता जाता पुढची जाळीही पाहून घ्यावी. तिच्यावर चिखल वाळला असेल, लोखंडी गार्ड बसवला असेल (त्यावर २०१७ मध्येच केंद्र सरकारने बंदी घातली आहे) किंवा रडारच्या नेमके समोर लिंबू-मिरची लोंबत असेल, तरीही असा इशारा येऊ शकतो. लिंबू-मिरची काढायला घरचे तयार नसतील, तर निदान एका कडेला बांधावी.