कृष्णविवराने फाडलेल्या ताऱ्याचा रेडिओ शोध एमएस्सीच्या प्रकल्पात घेता येईल का?

औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोमधून, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेतून, कृष्णविवराने फाडलेला तारा ‘दिसेल’ का आणि त्याच्या रेडिओ लहरींचा शोध हिंगोलीत राहून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर नाही. महाकाय कृष्णविवराजवळ तारा फाटताना उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींची वारंवारिता लायगोच्या पट्ट्याच्या फार खाली असते. दुसऱ्याचे उत्तर होय, परंतु मार्गदर्शक पारखून घ्या.

माझा प्रकल्प याच विषयावर होता. पुण्याजवळील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने अशा एका घटनेचे क्षेत्र पाहिलेले होते आणि ती निरीक्षणे संग्रहात खुली झाली होती. भारनियमनाच्या वेळा सांभाळत प्रतिमा तयार केली, तेव्हा कडेला एक तेजस्वी रेडिओ दीर्घिका आणि तिच्याभोवती उमटलेले पट्टे दिसले. मला हव्या त्या जागी मात्र केवळ करडी, रवाळ पार्श्वभूमी होती. तिची पातळी मोजून, तिच्या तिपटीहून प्रखर असा कोणताही स्रोत त्या तारखेला तेथे नव्हता, असे मी प्रबंधात लिहिले. बहिःस्थ परीक्षकांनी थेट निष्कर्षाचे पान उघडले, ‘म्हणजे काहीच सापडले नाही,’ असे म्हणून प्रबंध मिटला, आणि ज्यांनी हा विषय सुचवला होता ते माझे मार्गदर्शक अवाक्षरही बोलले नाहीत. गुण गेले ते गेलेच. पुढे विभागात माझ्या कामाला ‘रिकामे आकाश’ हेच नाव पडले.

आता एटी२०१८एचवायझेड या तारा फाटण्याच्या घटनेचे पाहा. सुमारे ६६.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ही घटना २०१८ मध्ये दृश्य प्रकाशात सापडली. सुरुवातीच्या महिन्यांत रेडिओ दुर्बिणींना तेथे काहीही मिळाले नाही, आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने पुन्हा पाहिले तेव्हा तो स्रोत रेडिओत झळकत होता व पुढे वाढतच गेला. द्रव्य तारा फाटल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी बाहेर फेकले गेले असावे, हा निष्कर्ष कशाच्या बळावर निघाला? आधीच्या ‘काहीच सापडले नाही’ या नोंदींच्या बळावर. त्या नसत्या, तर हा स्रोत पहिल्यापासूनच होता, असे कोणीही म्हटले असते. २०११ च्या स्विफ्ट जे१६४४+५७ या अशाच घटनेतील द्रव्याचा झोत काही दिवसांतच रेडिओत सापडला होता, म्हणून प्रत्येक कृष्णविवराने तितकीच घाई करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तेव्हा काही वर्षे जुनी घटना निवडा. फेकलेले द्रव्य पसरत जाते तसा त्याच्या रेडिओ उत्सर्जनाचा कळस कमी वारंवारितेकडे सरकतो आणि तेथे जीएमआरटी उपयोगी पडते. पहिल्या काही आठवड्यांत याच वारंवारितांवरचे उत्सर्जन बहुधा ते द्रव्य स्वतःच शोषून घेते. अर्थात स्रोत सापडलाच तरी लगेच हुरळून जाऊ नका, कारण दीर्घिकेचे केंद्र आधीपासूनच सक्रिय, म्हणजे रेडिओत तेजस्वी, असू शकते. जुनी सर्वेक्षणे ताडून पाहावीच लागतील. आणि एकाच तारखेच्या मर्यादेवरून (‘याहून प्रखर स्रोत येथे नव्हता’ या आकड्यावरून) फार मोठा दावा करता येत नाही, हेही मान्य.

तरीही मर्यादेचा आकडा, तारीख आणि वारंवारिता निष्कर्षाच्या पहिल्याच वाक्यात लिहा, आणि मार्गदर्शकांना विषय ठरवतानाच विचारा की काही न सापडल्यास तोंडी परीक्षेत ते आपल्या बाजूने बोलतील का. उत्तर देताना ते घुटमळले, तर दुसरे मार्गदर्शक शोधा.