वाचकांचे प्रश्न : घार की भोवत्या?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो. पाण्यावर पसरलेले वारकरी पक्षी एकाएकी एका जागी गोळा झाले आणि त्यांच्यावरून एक तपकिरी शिकारी पक्षी फिरू लागला. ती घार होती का? असे पक्षी ओळखावेत कसे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपण पाहिलेला पक्षी बहुधा घार नसून दलदल भोवत्या असावा, आणि त्याची मोठी खूण आपण स्वतःच टिपली आहे. भोवत्या पाणवनस्पतींवरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, थोडे फडफडत थोडे तरंगत येतो व एकाच थव्यावर पुन्हापुन्हा फेऱ्या मारतो, कारण त्याला मागे पडलेला, जखमी किंवा आजारी पक्षी हेरायचा असतो. म्हणूनच वारकरी एकमेकांना खेटून दाट घोळका करतात. एकटा पडला तो सापडला. भोवत्याची मादी गडद तपकिरी असून तिचे डोके फिकट पिवळसर असते. शेपटीकडे अवश्य पाहावे : घारीच्या शेपटीला खाच असते, भोवत्याच्या नसते.

तेथेच हिवाळ्यात कैकर हा आणखी एक शिकारी पक्षीही दिसतो. तो मासेखाऊ असल्यामुळे थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके त्याला सहसा फारशी भीत नाहीत. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तो थांबतो, पाय पुढे करून झेपावतो आणि पकडलेला मासा तोंड पुढे येईल असा धरून नेतो. त्याच्या तळव्यांवर काटेरी खवले असतात व बाहेरचे बोट मागे वळते, त्यामुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही. हे दृश्य दुर्बिणीतून एकदा तरी पाहावेच.

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी आणि पाणवनस्पतींची बेटे तयार झाली, म्हणून बदके आणि त्यांचे शिकारी दोन्ही येथे येतात. हे क्षेत्र २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, हा नाशिककरांना अभिमान वाटावा असा मान आहे.

पुढच्या वेळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर जावे, सूर्य पाठीशी येईल असा निरीक्षण मनोरा निवडावा आणि आकाश धुंडाळण्याऐवजी नजर थव्यावर ठेवावी. छायाचित्रासाठी पाण्याच्या कडेला मात्र उतरू नये. माणसाला बुजून थवा उडाला की पक्ष्यांचे चरणे थांबते आणि शक्तीही विनाकारण खर्ची पडते.