'मूव्ह'ला डाव म्हणावं का? गोकूच्या लढती आणि तालमीची भाषा

कोल्हापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. 'ड्रॅगन बॉल झी' या जपानी कार्टून मालिकेचा नायक गोकू. तिच्यात सैयान नावाचे परग्रहावरचे लढवय्ये पृथ्वीवर चाल करून येतात तो सुरुवातीचा भाग तिथली काही मुलं हौसेनं मराठीत करतायत. संवाद लिहिताना 'मूव्ह', 'टेक्निक', 'अटॅक' हे शब्द सारखे आडवे येतात. 'तंत्र' लिहिलं की पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं होतं. मग तालमीतला 'डाव' का घेऊ नये? आणि घ्यायचा तर 'डाव' की 'डावपेच'?

'डाव' जरूर घ्या, पण सरसकट नको. अंगाला अंग भिडतं तिथं तो चपखल बसतो. हातातून प्रकाशाचा झोत सुटतो तिथं मात्र तो लावला, तर कुस्ती बघत वाढलेला कान लगेच अडखळतो.

याचं कारण शब्दातच आहे. कुस्तीतल्या डावाला पकड लागते आणि त्याला तोड असते. एकेरी पट घ्या. समोरच्याच्या एका पायाला दोन्ही हातांनी मिठी घालून तो उचलायचा आणि खांद्याचा रेटा देऊन त्याला खाली घ्यायचं. याची तोड पोराला पटाबरोबरच शिकवतात: दोन्ही पाय झटकन मागं टाकायचे आणि छातीचा सगळा भार पट काढणाऱ्याच्या मानेवर-पाठीवर द्यायचा. भार द्यायला उशीर झाला की पट निघाला, आणि पट काढणारा लांबून वाकला की तोच तोंडावर येतो. डाव म्हणजे ही अशी दोघांची गोष्ट. तोड नसलेल्या गोष्टीला तालमीत कुणी डाव म्हणणार नाही.

आता मालिकेतला गोकूचा मित्र क्रिलिन बघा. तो डोक्यावर एक फिरती चकती तयार करून नप्पा या सैयानावर सोडतो. नप्पाला वाटतं झेलू. तेवढ्यात त्याचा म्होरक्या व्हेजिटा ओरडून त्याला बाजूला व्हायला सांगतो, तो ऐन वेळी हलतो आणि गालावरच्या एका चिरेवर निभावतं. या चकतीला पकड नाही, तोड नाही, ती फक्त चुकवता येते. तिला 'चकती डाव' म्हणण्यात काही अर्थ नाही. मराठीत तिचं नाव तयार आहे: चक्र. 'क्रिलिननं चक्र सोडलं' एवढं म्हटलं की सहा वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतं.

म्हणून अंगातून सुटणाऱ्या सगळ्या माऱ्याला माझ्या मते 'अस्त्र' घ्यावं. हातात धरून चालवायचं ते शस्त्र आणि फेकायचं, सोडायचं ते अस्त्र, हा फरक महाभारत ऐकलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. त्याबरोबर क्रियापदंही आपसूक येतात. अस्त्र सोडतात, चुकवतात, परतवतात, अंगावर घेतात. डाव टाकतात, मारतात, लावतात, त्याची तोड करतात. संवाद लिहिताना अडलात तर नामाआधी क्रियापद ठरवा. 'सोडला' तोंडात आलं तर ते अस्त्र, 'टाकला' आलं तर डाव. बहुतेक ठिकाणी एवढ्यानं भागतं.

दोन्ही एकाच प्रसंगात हवे असतील तर रॅडिट्झचा, म्हणजे गोकूच्या सैयान भावाचा शेवट बघा. गोकूचा जुना वैरी पिकोलो इथं त्याच्या बाजूनं लढतो. त्याला माकांकोसाप्पो हे आपलं अस्त्र सोडायला वेळ लागतो, बोटं कपाळाला लावून बळ गोळा करावं लागतं. पहिल्यांदा रॅडिट्झ ते चुकवतो. दुसऱ्यांदा गोकू त्याला मागून काखेखालून हात घालून जखडून धरतो आणि ते अस्त्र दोघांच्या आरपार जातं. इथं 'गोकूनं पकड तंत्राचा वापर केला' असं लिहू नका. प्रतिस्पर्ध्याच्या मागं जाऊन त्याला ताब्यात घेणं याला कुस्तीच्या समालोचनात रोजचा शब्द आहे, कब्जा. 'गोकूनं मागून कब्जा घेतला, पिकोलोनं अस्त्र सोडलं.' सात शब्दांत सगळं दिसतं. त्याआधी गोकू रॅडिट्झचं शेपूट धरतो आणि त्याच्या गयावया करण्याला भुलून सोडून देतो, ती मात्र नुसती 'पकड'. धरली, ढिली झाली, सुटली.

याच पिकोलोच्या अस्त्राबाबत एक सूट मी देईन. त्यानं ते मुळात गोकूला मारायला तयार केलेलं असतं आणि नाइलाजानं रॅडिट्झवर वापरावं लागतं. वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, ही म्हण कोल्हापुरात नवी नाही. तेव्हा पिकोलोच्या तोंडी 'हा तुझ्यासाठी राखून ठेवलेला डाव होता, गोकू' असं वाक्य आलं तर अगदी शोभेल. तिथं 'डाव' म्हणजे हालचाल नसून मनात धरलेला बेत आहे. तो अर्थही मराठीत पक्का आहे: डाव साधला, डाव उधळला.

'डावपेच' याच वाटेनं बराच पुढं गेलाय. 'पेच' हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ पीळ, वळसा, गुंता. पतंगाचे पेच, कायद्याचा पेच, स्क्रूचा पेच, सगळीकडे तो पीळ आहे. 'डावपेच' ही जोडी आता मुख्यतः आखणीला वापरतात, आणि वर्तमानपत्रात ती कुस्तीच्या पानापेक्षा निवडणुकीच्या बातमीत जास्त भेटते. शिवाय शब्द अनेकवचनीच चालतो. 'त्यानं एक डावपेच मारला' हे मराठी नव्हे. एका हालचालीला डाव, सगळ्या आखणीला डावपेच. क्रिकेटमधल्या इनिंगलाही 'डाव'च म्हणतात, पण लढतीच्या संदर्भात त्यानं गोंधळ होत नाही.

आता बातमीदारीची एक लकब, जी हौशी लेखकांच्या हातून हमखास चुकते. कुस्तीच्या बातमीत 'घिस्सा डावावर चितपट केले', 'एकेरी पट काढून विजय मिळवला' असं येतं. ते 'डावावर' फार ओढ लावणारं आहे, म्हणून 'कामेहामेहा डावावर चितपट केले' लिहायचा मोह होतो. त्यात दोन चुका आहेत. कामेहामेहा म्हणजे गोकूच्या हातातून सुटणारा झोत, तो डाव नव्हे हे झालंच. दुसरी चूक 'चितपट'मध्ये आहे. चितपट म्हणजे दोन्ही खांदे मातीला लागणं. गोकूनं नप्पाला लोळवला, निकामी केला. चितपट कधीच केला नाही. 'अस्मान दाखवणे' तर इथं मुळीच नको, कारण ही माणसं निम्मी लढत आभाळातच करतात. वाक्प्रचाराचा सगळा जोर माती आणि आभाळ यांच्या अंतरावर उभा आहे, आणि इथं ते अंतरच उरत नाही.

कामेहामेहाचं लिंग कोणतं, हेही कुणीतरी विचारेलच. आकारान्त म्हणून पुल्लिंगी धरा, घिस्सा जसा तो: 'कामेहामेहा सोडला'. पण सामान्यरूप करू नका. 'घिश्श्यानं' होतं म्हणून 'कामेहामेह्यानं' होत नाही, परकं विशेषनाम तसंच ठेवून 'कामेहामेहानं' म्हणावं. गोकूच्या झोताची व्हेजिटाच्या झोताशी टक्कर होते आणि दोघं एकमेकांना मागं ढकलतात, तिथं 'रेटा' हा शब्द वापरा. 'रेटा वाढला', 'रेटत नेला'. 'ऊर्जेचा संघर्ष' असलं काही लिहायची गरज नाही.

कायोकेन ही गोकूनं कायो या गुरूकडून शिकलेली विद्या डावही नाही आणि अस्त्रही नाही. ती अंगातली ताकद काही क्षण दुप्पट, तिप्पट करते आणि पेलली नाही तर स्वतःच्याच शरीराची नासाडी करते. कायोनं दुपटीच्या वर जाऊ नको म्हणून बजावलेलं असतं, गोकू व्हेजिटापुढं तिप्पट आणि शेवटी चौपट करतो. याला 'चढवणे' घ्या: 'कायोकेन चढवली', 'अजून चढवली', 'उतरली'. 'अंगात येणे' सुचेल, पण ते चुकेल. अंगात आलेल्या माणसाला स्वतःची शुद्ध नसते, आणि कायोकेनचा सगळा कस ताबा ठेवण्यातच आहे. 'अंगात आलं' हे गोकूच्या लहान मुलासाठी, गोहानसाठी राखून ठेवा. पूर्ण चंद्र बघून तो महावानर होतो तेव्हा त्याला खरंच काही भान उरत नाही. व्हेजिटा तसाच वानर होतो पण शुद्धीत राहतो, म्हणून त्याच्यासाठी 'रूप घेतलं'.

सगळ्यांत मोठा खड्डा मात्र 'पॉवर लेव्हल'मध्ये आहे. पुष्कळांना 'जोर' सुचतो. कोल्हापुरात तो चालणार नाही. तालमीत जोर हा व्यायामाचा प्रकार आहे, जोर मारतात, बैठका काढतात. 'याचे जोर किती?' विचारलं तर पैलवान रोजचा आकडा सांगेल. रॅडिट्झ डोळ्यावरच्या यंत्रातून शेतकऱ्याकडे बघून 'जोर फक्त ५' म्हणाला, तर पेठेतलं पोर समजेल की बिचारा पाचच जोर मारून बसला. तिथं 'ताकद' घ्या. शेतकऱ्याची ताकद ५. गोकूची ३३४, पिकोलोची ३२२. दोघांनी वजनी कपडे उतरवल्यावर ४१६ आणि ४०८. गोकूनं कामेहामेहासाठी बळ एकवटल्यावर ९२४, पिकोलोच्या पहिल्या अस्त्राला १३३०. हे आकडे उड्या मारत चढतात, म्हणून शब्द लहान आणि एकच ठेवा. एकदा ताकद, एकदा शक्ती, एकदा सामर्थ्य असं केलं की बघणाऱ्याला वाटतं वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातायत. व्हेजिटा गोकूची ताकद मोजतो तो प्रसिद्ध आकडा जपानी मुळात ८०००च्या वर आहे. ९००० इंग्रजी आवृत्तीत आला आणि तोच जगभर पसरला. मुळाला धरून करताय तर ८००० ठेवा.

'ट्रेनिंग'ला 'प्रशिक्षण' नको, त्याला सरकारी शिबिराचा वास येतो. पैलवानाचा शब्द 'मेहनत'. कायोच्या ग्रहावर वजन दहापट भरतं, साठ किलोच्या माणसाला सहाशे किलोचं अंग घेऊन धावायचं; 'गोकू तिथं मेहनत करत होता' यात ते सगळं येतं. पिकोलो गोहानला आधी सहा महिने रानात एकटा सोडतो, मग स्वतः शिकवतो. त्याला 'पिकोलोनं गोहानला तयार केला' म्हणा. 'तयार करणे' हे वस्तादाचं क्रियापद आहे. गोकूला लहानपणी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या रोशीला 'गुरुजी' म्हटलं की शाळा उभी राहते; 'वस्ताद' म्हणा आणि गोकूकडून त्याला अहो-जाहो करवा.

'टूर्नामेंट'ला 'मैदान' म्हणावं का, हाही प्रश्न त्याच पत्रात आहे. कोल्हापुरात मैदान म्हणजे जागाही आणि कार्यक्रमही. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं, १९१२ साली खुलं झालेलं खासबाग हे मैदान, आणि जत्रेला 'मैदान भरलंय' तेही मैदान. पण मैदानात जोड्या आधी ठरलेल्या असतात, प्रत्येक कुस्तीचं इनाम वेगळं, जिंकणारा पुढच्या फेरीत जात नाही. गोकू लहानपणी उतरतो त्या तेन्काइची बुदोकाईत फेऱ्या आहेत, बाद होणं आहे, रिंगणाबाहेर पाय पडला की हार आहे. ती 'स्पर्धा'. उलट व्हेजिटाची लढत खरी मैदानासारखी: वर्षभर आधी कळलेली, जोड ठरलेली, आणि निकाल लागेपर्यंत सुट्टी नाही. म्हणजे 'निकाली'.

शेवटी बोलीचं. सगळ्यांना कोल्हापुरी बोलायला लावू नका. जपानीत गोकू स्वतःला 'ओरा' म्हणतो, ती खेड्यातली बोली आहे. आजोबांजवळ डोंगरात वाढलेलं पोर ते. व्हेजिटा राजपुत्र, त्याची भाषा तोऱ्याची. तेव्हा गोकूला कोल्हापुरी आणि व्हेजिटाला प्रमाण मराठी, ही विभागणी मुळाला धरूनच होते. लढतीची जागा बदलताना गोकू म्हणेल: 'हितं नगं. माणसं नाहीत अशा जागी चल की.' आणि व्हेजिटा: 'जागा तू निवड. शेवट मी ठरवेन.' एका 'की'नं गोकू कुठला ते कळतं, त्यावर दर वाक्याला 'रं' आणि 'भावा' लादलं तर तो विनोदी पात्र होऊन बसेल.

गोकूची बायको चीची हीही डोंगराकडचीच. तिला कोल्हापुरी दिली तर 'मी जाते' नको, 'मी जातो' द्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलतात. पुण्या-मुंबईचा श्रोता ती चूक समजेल म्हणून ते सुधारू नका.