पाळीआधी आठवडाभर बायको टोकाची चिडते, ‘वेगळं होऊ’ म्हणते आणि पाळी आली की शांत होते. हा स्वभाव की आजार?

या वेळापत्रकावरून पीएमडीडीची, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती टोकाची बिघडवणाऱ्या आजाराची, शंका घ्यायला हवी. हा नेहमीच्या पीएमएसपेक्षा (पाळीआधीच्या सर्वसाधारण त्रासापेक्षा) बराच तीव्र असतो आणि २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत नैराश्याच्या गटात त्याची स्वतंत्र नोंद आहे. रक्तातली हार्मोन्स बहुधा नॉर्मल येतात, कारण दोष प्रमाणात नसून त्यांच्या चढउतारांना मेंदू देत असलेल्या प्रतिसादात असतो. म्हणून ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ हे वाक्य इथे निरुपयोगी.

निदान होतं ते वहीवर. सलग दोन पाळीचक्रं, रोज रात्री चिडचिड, उदासी, धास्ती, झोपेचा त्रास यांना १ ते ६ गुण द्यायचे (१ म्हणजे त्रास नाही, ६ म्हणजे टोकाचा). ते तिने स्वतः द्यायचे, तुम्ही नाही. पाळीनंतरचा आठवडा जवळपास त्रासाविना गेला तर पीएमडीडीची शक्यता वाढते. महिनाभर त्रास असून पाळीआधी फक्त वाढत असेल तर मूळ दुखणं वेगळं असू शकतं. आठवणीतून भरलेली वही फसवते, भांडणाचे दिवस तेवढे लक्षात राहतात.

एसएसआरआय गटातल्या नैराश्यावरच्या गोळ्या इथे काही दिवसांतच गुण देऊ शकतात. काहींना पाळीआधीचे १४ दिवसच पुरतात. डोस डॉक्टरच ठरवतील.

ऐन भांडणात ‘पाळी जवळ आली वाटतं’ म्हणू नका. तिची तक्रार खरीही असू शकते. मुद्दा कागदावर लिहून ठेवा, पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी काढा. पण मरणाची भाषा आली तर पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.